मधली पट्टी

आठवीपर्यंत मी झुरळाला घाबरायचे, गणिताच्या सरांना घाबरायचे आणि सायकलला तर सगळ्यात जास्त. मग मे महिन्यात एकदाची सायकल शिकले आणि बाकीच्या दोन्ही भीतीसुद्धा उतारावर सुटल्यासारख्या पळून गेल्या. नववीची दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मला वाटायचं, नाशिक जिल्ह्यात माझ्यासारखी सायकल चालवणारी मुलगी नसेल. हे २००२ सालचं.

मावशीकडे जाताना मी हट्टानं सायकल एसटीच्या टपावर चढवायला लावली. कंडक्टर म्हणाला, "ताई, घोडा पण आणायचा ना!" मावशीचं गाव ओझरच्या पलीकडे, हायवेपासून आत. निघताना आईनं दम दिला होता, "मंजू, हायवेला चाक लावायचं नाही. पाटाच्या रस्त्यानं कुठंही बोंबलत फीर. आणि साईला नुसतं खरचटलं ना, तर सायकल माळ्यावर जाईल."

साई माझी धाकटी बहीण, पाचवीतली. कॅरिअरवर बसून माझ्या पाठीवर बोटानं पाढे गिरवणारी.

पाटाचा रस्ता म्हणजे स्वर्गच! एका बाजूला पाटाचं संथ पाणी, दुसऱ्या बाजूला द्राक्षाचे मांडव, मध्ये लाल मुरमाची वाट. ट्रक नाही, रिक्षा नाही, हॉर्न नाही. आपल्याच चेनची किरकिर ऐकू येते. आम्ही सकाळीच डबा घेऊन निघालो. पाट जिथं वळतो तिथं आम्ही पाट सोडला, बाभळीतून आत घुसलो, आणि एकदम समोर काँक्रीट!

रस्ता नव्हता तो. इतका रुंद रस्ता आमच्या नाशिकच्या सिडकोतसुद्धा नाही. सरळसोट, माळाच्या मधोमध, सांध्यांतून गवत उगवलेला. दोन्ही कडांनी मका वाळत घातलेला, पिवळाधमक, पार लांबपर्यंत. आणि मधली पट्टी मात्र स्वच्छ. एक दाणा नाही. एक म्हातारी वाकून खराट्यानं ती झाडत होती.

"आजी, हे काय आहे?"

"इमानाची पट्टी." तिनं कंबर धरून मान वर केली. "लढाईतली. जपानच्या लढाईतली. तुम्ही कोनाच्या गं?"

मी मावशीचं नाव सांगितल्यावर तिनं आम्हाला बाभळीच्या सावलीत बसवलं आणि पाणी दिलं. तिचं नाव लंकाबाई. मका तिचाच होता.

"मग मध्ये का नाही घालत? एवढी जागा वाया."

"वाया कशी? ठिवलीय ती."

"कोणासाठी?"

लंकाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आमचा सासरा, चिमाजी, हितं कंदील लावायचा. दोन्ही कडांनी. म्हंजी वरच्याला पट्टी दिसावी. एक दिस सांजचं एक इमान गेलं, त्ये आलंच नाय. गोरा साहेब म्हनला, चिमा, वो आयेगा, रस्ता साफ रखना, बत्ती बुझाना मत. मंग लढाई संपली. साहेब लोक तंबू काढून गेले. सासऱ्याला कोनी सांगितलंच नाय का आता बास."

"मग?"

"मंग काय? सुट्टी दिली नाय त काम सोडायचं कसं? तो मरेस्तोवर करीत व्हता. मंग आमचे मालक. आता मी."

"आणि तुमच्यानंतर?" साईनं विचारलं. साई असलंच विचारते. मी तिला चिमटा काढला.

पण लंकाबाईला राग आला नाही. "पोरगा अंबडला कंपनीत हाय. तो म्हनतो, येडी झाली म्हातारी. मी गेले का दुसऱ्या दिशी त्यो मधी बी मका घालील. माझे गुडघे गेले बाई. म्हनून वाटतं, मी हाय तवरच उतरला पायजे त्यो."

मला हसू आवरेना. "आजी, आमचे पप्पा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात आहेत. साठ वर्षं पेट्रोल कसं पुरेल हो?"

"त्ये मला काय म्हाईत? मला झाडायचं तेवढं म्हाईत." ती उठली. "दिवसा खेळा पाहिजे तितकं. पन दिवस डोंगराला टेकला का मधी पाय ठिवायचा नाय. तेवढं ऐका माझं."

दिवसभर आम्ही मनसोक्त हुंदडलो. पाटात पाय सोडून डबा खाल्ला, पेरू पाडले, एका मळ्यातल्या कुत्र्यानं पळवलं. परत त्या काँक्रीटवर आलो तेव्हा ऊन तांबडं झालं होतं. लांबच्या टोकाला लंकाबाई कंदील लावत होती, आमच्याकडे पाठ करून. एक लावायची, चार पावलं लंगडत जायची, दुसरा लावायची.

"ताई, मला एकदा एकटीला चालवू दे ना," साई म्हणाली. "इथं गाडी नाही, खड्डा नाही. हाफ पायडल मारते."

मी डोंगराकडे बघितलं. सूर्य अर्धा खाली गेला होता. खरं सांगते, मला लंकाबाईचं बोलणं आठवलं. पण मी आता भित्री राहिले नव्हते ना!

"जा," मी म्हणाले. "पण ब्रेक धर."

साई निघाली. डुगूडुगू करत, घंटी वाजवत, बरोबर मधल्या पट्टीवरून. बरीच लांब गेली आणि थांबली.

"ताईऽऽ! सलवार अडकली!"

चेनमध्ये सलवार अडकणं म्हणजे रोजचंच. मी हसत हसत चालत निघाले. तेवढ्यात मक्यावरचे सगळे पोपट एकदम उडाले. पोपट उडताना किती कलकलाट करतात! हे एक अक्षर न बोलता उडाले. रातकिडे थांबले. पाटाकडचा पंप थांबला. असं वाटलं, कुणीतरी माळावर गोधडी टाकली.

मग मी खाली बघितलं. मक्याचे दाणे हलत होते.

वारा नव्हता. माझी ओढणीसुद्धा हलत नव्हती. पण दाणे मात्र तापल्या तव्यावर टाकल्यासारखे जागच्या जागी थरथरत होते, दोन्ही कडांना, लांबपर्यंत. माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. आवाज कानाला येत नव्हता. तो दातांत येत होता.

मी पळाले.

साई एका पायावर उभी होती, सायकल अंगावर कललेली, चेहरा पांढराफटक. सलवारीचा बोळा होऊन चेनच्या चक्रात गेला होता. मी पायडल उलटं फिरवलं. निघेना. परत उलटं फिरवलं. माझे हात ऑइलनं बरबटले. "ताई, कोण येतंय?" साई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्यावरून मागे बघत होती.

मी मागे बघितलं नाही. दोन्ही हातांनी कापड धरून ओढलं. गुडघ्यापर्यंत टर्रकन फाटलं. सायकल तिथंच टाकली आणि साईला फरफटत मक्यात नेऊन तिच्यावर आडवी पडले.

वरून काहीतरी गेलं.

दिसलं काही नाही. आभाळातली तांबडी पट्टी क्षणभर विझली आणि परत लागली, एवढंच. थंड वाऱ्यानं आम्हाला दाण्यांत दाबून धरलं. जळक्या तेलाचा वास आला, पप्पांच्या कामाच्या कपड्यांना येतो तसा. मग ते वर गेलं. लांब. डोंगराच्या बाजूला.

लंकाबाई धापा टाकत आली. हातात कंदील. मला वाटलं, आता मार बसणार.

"सायकल!" ती म्हणाली. "सायकल मधीच हाय!"

"आजी, राहू दे सायकल! साई बघा कशी कापतेय..."

"आगं त्यो उतरत व्हता! तुम्ही मधी दिसल्या म्हनून वर घेतलं त्यानं. आता फिरून येईल. एकदा येईल, मंग नाय यायचा." तिनं माझा दंड धरला. तिच्या बोटांत ताकद नव्हती. "मला पळवत नाय गं पोरी. तेवढी सायकल काढ. मी असतानी होऊ दे."

सगळी भीती परत आली, झुरळाची, सरांची, सगळी. साईनं माझी बाही घट्ट धरली होती. "ताई, नको जाऊस."

आईनं मला साईबद्दल दम दिला होता. साई सुखरूप होती. आणि वर कोणीतरी होता, ज्यानं आम्हाला बघून चाकं वर घेतली होती. मी साईचा हात लंकाबाईच्या हातात दिला, कंदील घेतला आणि गेले.

सायकल आडवी पडली होती. तिचं पुढचं चाक फिरत होतं. इतका वेळ पडलेल्या सायकलचं चाक कशाला फिरेल? ते मंद होत नव्हतं, जोरात होत चाललं होतं. मी हँडल धरलं तेव्हा ते हातात थरथरलं. कॅरिअर काँक्रीटच्या सांध्यात अडकलं. मी रडत होते, शिव्या देत होते, ओढत होते. दाणे परत नाचायला लागले. मग सायकल सुटली आणि मी तिच्यासकट कडेच्या मक्यात पडले.

"कंदील वर धर!" लंकाबाई ओरडली. "वर धर, त्याला दिसू दे!"

मी हातातला कंदील सावरत उभी राहिले. हात जाईल तितका वर नेला.

आधी लांब टोकाला काँक्रीटवर किंचाळल्यासारखा एक आवाज झाला, लगेच दुसरा. मग मी कंदिलांकडे बघितलं. दोन्ही कडांच्या ज्योती एकामागून एक कलत येत होत्या, आमच्याकडे, आमच्यासमोरून, पुढे. माझ्या हातातली ज्योत आडवी झाली. दाण्यांचा मारा पोटऱ्यांवर बसला. कलंडत कलंडत ज्योती शेवटच्या कंदिलापर्यंत गेल्या. शेवटची कलली. आणि सरळ झाली.

पाटाकडचा पंप परत सुरू झाला.

लंकाबाई त्या टोकाकडे एकटीच लंगडत गेली. तिथं ती रोज पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, हे आम्हाला तेव्हाच कळलं. ती तिथं उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन, आणि बोलत राहिली. बोलणं ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा तांब्या तिच्या हातात उलटा होता. एक थेंब पडला नाही त्यातून.

मग तिनं एकेक कंदील फुंकला. मी वाकून मधल्या पट्टीवर तळहात ठेवला. नोव्हेंबरच्या गारठ्यात ते काँक्रीट ऊन ऊन होतं.

फाटलेली सलवार बघून आईनं सायकल महिनाभर माळ्यावर टाकली. मी वाद घातला नाही. म्हणून तर आई जास्तच घाबरली.

पुढच्या दिवाळीत आम्ही परत गेलो. बाभळीतून बाहेर आलो आणि साईनं माझी बाही धरली. मका या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला होता. मधली पट्टी कुठं होती ते ओळखूसुद्धा येत नव्हतं. लंकाबाई सावलीत बाजेवर पाय लांब करून बसली होती.

"या गं. बसा."

मी वर्षभर एकच प्रश्न घोकत होते. "आजी, कसा होता तो दिसायला?"

लंकाबाईनं माझ्याकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, माप घेतल्यासारखं.

"पोरगंच व्हतं," ती म्हणाली. "तुझ्याहून थोडं मोठं. मला म्हनलं, उशीर झाला."