पोपटाच्या पिंजऱ्यातला आरसा

केस नीट करायचे असतील तर खुशाल करा, पण करता करता जरा माझं ऐका. मी आरसा बोलतोय. हल्ली या प्राणिसंग्रहालयाच्या सामानाच्या खोलीत, खराट्यांच्या शेजारी टांगलेला असतो.

आधी मी पक्ष्यांची देखभाल करणाऱ्या काकांच्या घरी होतो. त्यांची लेक तासन्‌तास माझ्यासमोर उभी राहायची, नाकावरचा मुरूम बघून माझ्यावरच चिडायची. ती नोकरीसाठी परगावी गेली आणि खोलीला कुलूप लागलं. मग मला दिसायची फक्त बंद खिडकी.

इथे प्राणिसंग्रहालयात एक मोठा निळा पोपट होता. त्याची जोडीदारीण गेली आणि त्याने हाय खाल्ली. कोपऱ्यात बसून स्वतःचीच पिसं उपटायचा. लोक यायचे, "ए मिठू, बोल की," म्हणायचे, आणि कंटाळून माकडांकडे निघून जायचे. एकट्या पक्ष्याला आरशाची सोबत होते, असं काकांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यांनी मला घरून आणून जाळीला तारेने बांधलं.

पोपट हळूच जवळ आला. मान वाकडी करून बघत राहिला, मग मला बिलगून बसला. माणसं माझ्यात स्वतःलाच बघतात, जन्मभर मी तेच पाहत आलो. त्याला मात्र माझ्यात ती दिसली. इथे कुणी नाही, हे मी सांगणार कसं? आणि खोटं कशाला बोलू, सांगावंसं वाटतही नव्हतं.

तो खायला लागला. वाटी चाटूनपुसून साफ. तरी दिवसेंदिवस वाळतच चालला. डॉक्टरीणबाईंनी त्याला हातात घेतलं, तर छातीचं हाड बोटांना लागलं.

"काका, हा खातो तरी का?"

"वाटीत दाणा उरत नाही हो, बाई."

"मग जातं कुठे? असाच राहिला तर महिनाभरही काढायचा नाही."

जात होतं माझ्या अंगावर. रोज सकाळी काका तो ओला लगदा घासून काढायचे आणि पुटपुटायचे, "किती घाण करतोस रे." माझा जीव नुसता टांगणीला. पण आरशाला स्वतःचं तोंड कुठे असतं?

एका दुपारी काका वाटी उचलायला वाकले आणि तसेच थांबले. पोपट पोटातला घास वर काढून चोचीने काचेला लावत होता. तो ओघळला की पुन्हा दुसरा. वाटी तिथेच ठेवून काका माझ्यापाशी आले.

"अरे वेड्या, तिला भरवतोयस होय," एवढंच म्हणाले आणि माझी तार सोडू लागले.

पोपट किंचाळला, काकांच्या बोटाला कडकडून चावला. रक्त आलं, पण काकांनी हात मागे घेतला नाही.

आता दुपारी काका स्वतःचा डबा घेऊन पिंजऱ्यात जाऊन बसतात. खोलीचं दार उघडं असलं की मला दिसतं. पोपटाने अंग धरलंय. परवा त्याने आपला घास काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी मूठ मिटली, दुसऱ्या हाताने फोन काढला आणि लेकीला विचारलं, "जेवलीस का गं?"

मला बरं वाटलं. एकटंही वाटलं. इथे माझ्यात दिसायला फक्त खराटे आहेत.

माझ्या चौकटीच्या कोपऱ्यात शेंगदाण्याचा एक वाळका कण राहिलाय, फडक्यातून सुटलेला. काका, कधी मला पुसायला आलात तर तेवढा कोपरा सोडा. तो घास माझ्यासाठी नव्हता, ठाऊक आहे मला. पण मला कुणी भरवलंय ते तेवढंच.