पटावरची पाच पोरं

“सोमवारी पाचही पोरं शाळेत पाठवा, जयवंताबाई. धुतलेले कपडे घालून.”

सुधाकरराव गुरुजी आमच्या अंगणात मोटारसायकलवरून न उतरताच बोलत होते. आई गोठ्याच्या भिंतीवर गोवऱ्या थापत होती. तिने मान वळवली नाही.

“माहे पोट्टे घरी शिकतात, गुरुजी. चार सालं झाले. तुमाले मायीत हाये.”

“शिकतात ना. पण पटावर माझ्याच आहेत.”

“कोनत्या पटावर?”

“शाळेच्या. नावं कुठं काढली मी? पाचही जणांची रोज हजेरी लागून राह्यली. धाकटीचं नाव तर यंदाच घातलं. सोमवारी एमईओ साहेब तपासणीला येतात. डोकी कमी भरली तर शाळा बंद होईल गावाची. मग गाव मला नाही, तुम्हाला शिव्या देईल.”

आईच्या हातातली गोवरी भिंतीला न लागता खाली पडली. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होते. मला एवढंच कळलं की चार वर्षं मी रोज शाळेत जात होते आणि ते मलाच माहीत नव्हतं.

आम्हाला शाळेतून काढण्याचं कारण होतं गुरुजींचा कापूस. आदिलाबादला राहणारा हा माणूस मंगळवारी आणि शुक्रवारी तेवढा गावात उगवायचा. पैनगंगेच्या आंध्राकडच्या काठाला, आमच्या मराठी गावाच्या शिवारात, त्याने पाच एकर बटाईने घेतले होते आणि वेचणीच्या दिवसांत अख्खी शाळा त्या वावरात भरायची. माझी मोठी बहीण वनमाला आठ वर्षांची असताना एक दिवस बोंडांच्या काट्यांनी बोटं सोलून घेऊन घरी आली. आई तशीच उठली. वावरात जाऊन तिने वनमालाला, मला आणि अमृतला ओळीतून बाहेर ओढलं आणि म्हणाली, “कापूसच वेचाचा असन गुरुजी, तं माह्या वावरातला वेचतीन.” गुरुजी हसले. “न्या, न्या. गावाला एक मास्तरीण मिळाली.”

तेव्हापासून गावात आईचं नाव मास्तरीण पडलं. पाणवठ्यावर, लग्नाच्या पंगतीत, जिथे तिथे. सगळ्यात मोठ्या आवाजात आमची आशाबाई काकू म्हणायची. “मास्तरीनबाई, आज शाळेले सुट्टी हाये का?” मला त्या बाईचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

आई सातवी शिकलेली होती. तिचे वडील आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. तिथल्या चाळीत राहून तिला तेलुगूही लिहिता-वाचता यायचं. पण घरी शिकवायची म्हणजे मायेने शिकवायची, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. कोळसा कुटून शेणात कालवून तिने मागची भिंत काळी केली होती आणि भिंतीपाशी चुलीची फुंकणी ठेवली होती. फुंकणी चुलीपेक्षा आमच्याच कामी जास्त आली. तिची पद्धत अशी की वनमालाने मला शिकवायचं, मी अमृतला, अमृतने पांडुरंगला आणि पांडुरंगने रमाला. चूक खालच्याची झाली की मार वरच्याला. त्यामुळे आम्ही भावंडं एकमेकांवर माया करण्याऐवजी एकमेकांवर डोळा ठेवून असायचो. अमृतचा सोळाचा पाढा अडला की माझ्या पायाला वळ उठायचा, आणि रात्री मी त्याला चिमटे काढून सोळा एके सोळा करून घ्यायचे.

बाकी सगळं कामातच व्हायचं. कापूस वेचताना पाढे, भाकरी थापताना कविता, खताच्या रिकाम्या पोत्यांवरून तेलुगू अक्षरं. रमाने पाचव्या वर्षी पोत्यावरचा ‘युरिया’ अख्खा वाचला तेव्हा आईने गुळाचा शिरा केला होता. आजोबांना बिनचुकीचं पोस्टकार्ड लिहिणं ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी परीक्षा. अमृतने सात कार्डं फाडून घेतली. आठवं पोस्टात पडलं त्या दिवशी आईने त्याला बाबांच्या शेजारी पाट मांडून जेवायला बसवलं. आम्ही मुली जळत बसलो होतो, कारण आमच्या वेळी पाट नव्हता.

आता वनमालाला बारावं लागलं होतं. काकूने नदीपलीकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं, तिच्याच माहेरचं. बाबा, म्हणजे महिपतराव, स्वभावाने गरीब माणूस. मोठ्या भावापुढे, म्हणजे काकूच्या नवऱ्यापुढे, त्यांचं तोंड उघडायचं नाही. तरी एकदा आईच्या धाकाने म्हणून गेले होते, “सातवी पास झाली तं पुढं शिकवू. नाई तं उनाळ्यात लगन.” तेव्हा सातवीची परीक्षा बोर्डाची होती. त्याचा फॉर्म शाळेतूनच जायचा, त्यावर मास्तरची सही आणि एमईओचा, म्हणजे मंडलाच्या शिक्षणाधिकाऱ्याचा, शिक्का लागायचा. आई मंडलाच्या गावी, जैनथला, दोनदा आणि आदिलाबादला एकदा जाऊन आली होती. सगळीकडे एकच प्रश्न. पोरगी कोणत्या शाळेची? घरची पोरगी म्हटलं की कारकून पुढचा माणूस बोलवायचा. फॉर्म भरायला आठ दिवस उरले होते.

खाली पडलेली गोवरी आईने उचलली आणि पुन्हा थापली.

“माह्या वनमालाच्या फारमावर सही करा,” ती म्हणाली. “मंग पाठवतो.”

“आधी तपासणी. पोरांनी सांगायचं, गुरुजींनी शिकवलं. साहेब खूश झाले की सही.”

“नाई. सायेबानं जीपमंदून उतरून खुर्चीत बसलं की पयले फारम. तुमची सही, त्याचा शिक्का. तोवर माहे पोट्टे तोंड उघडत नाईत. मुके हायेत म्हना.”

गुरुजींनी गाडी चालू केली. “फार शहाणी बाई आहे,” असं गाडीला म्हणाले आणि गेले. पण कबूल करून गेले.

मग चार दिवस आईने आम्हाला खोटं बोलायला शिकवलं. पाढ्यांसारखंच शिकवलं, त्याच भिंतीसमोर उभं करून.

“कोनं शिकवलं?”

“गुरुजींनं,” वनमाला म्हणाली. अमृत म्हणाला. पांडुरंग म्हणाला. रमा म्हणाली, “मायनं.” पांडुरंगच्या पायावर फुंकणी बसली.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “मी नाई म्हननार. त्यानं एक अक्षर नाई शिकवलं.”

“मंग बहिनीच्या लग्नात अक्षता टाक,” आई म्हणाली. “जाय, काकूले सांगून ये, स्थळ पसंत हाये म्हना.”

मी रडत रडत म्हटलं, गुरुजींनं. तिने ते माझ्याकडून वीस वेळा घोकून घेतलं. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता. गुरुजींचाही नव्हता आला.

सोमवारी शाळा झाडून, सडा घालून तयार होती. गावातल्या सगळ्या पोरांना आंघोळी घातल्या होत्या. साहेबांचं जेवण आमच्याच घरी रांधायला लावलं होतं, म्हणून आई डबा घेऊन शाळेच्या दारात उभी होती. आशाबाई काकूसकट आणखी पाचसात बाया भिंतीला टेकल्या होत्या. एमईओ साहेब अकराला आले. जाडजूड, तेलुगू माणूस, घामाने भिजलेला. खुर्चीत बसले तोच गुरुजींनी फॉर्म पुढे केला. साहेबांनी न वाचता सही केली, शिक्का उमटवला. आईने दारातूनच हात पुढे केला. गुरुजींना तो कागद तिच्या हातात द्यावाच लागला. तिने तो घडी करून पोलक्यात ठेवला आणि आमच्याकडे बघून मान हलवली.

मग आम्ही तोंडं उघडली. वनमालाने व्याजाचं गणित फळ्यावर सोडवलं. मी नकाशात गोदावरी उगमापासून समुद्रापर्यंत दाखवली. साहेबांनी गंमत म्हणून पांडुरंगला तेलुगूत नाव-गाव विचारलं, तर तो घडाघडा तेलुगूतच बोलायला लागला. साहेब खुर्चीत पुढे सरकले. मराठी शाळेत असं त्यांनी कधी पाहिलं नसावं.

“किसने पढ़ाया बेटा?”

“गुरुजींनं,” आम्ही पाचही जण एका सुरात म्हणालो. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. आई दारात डबा धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

साहेबांनी शेरेबुकात लांबलचक शेरा लिहिला. उत्कृष्ट अध्यापन. गुरुजींनी इथे थांबायला हवं होतं. पण माणसाला यश पचत नाही. त्यांनी कपाटातून दुसरी एक वही काढली.

“सिर्फ बच्चे नहीं सर. साक्षरता वर्ग में बाईस औरतों को पढ़ाया. ये देखिए, सबकी सही.”

तसला वर्ग गावात एक दिवसही भरला नव्हता. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. वहीत पहिलंच नाव आईचं होतं आणि नावापुढे सही होती, गुरुजींच्या हातची. गुरुजींनी आईला का निवडलं ते मला आता कळतं. त्या बावीस जणींत लिहिता येणारी ती एकटीच होती, आणि आपल्या उपकाराखाली दबलेली आहे असं त्यांना वाटत होतं.

“या जयवंताबाई. साहेबांना नाव लिहून दाखवा.”

आईने डबा काकूच्या हातात दिला. आत आली. गुरुजींनी खडू दिला. तो तिने मुठीत धरला, मुसळ धरतात तसा. फळ्यापुढे बराच वेळ उभी राहिली. माझी बोटं आपोआप हवेत ज काढत होती. ज किती वळणदार काढायची आई. लिही, लिही म्हणजे ह्या सगळ्या बाया बघतील, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

तिने खडू टेबलावर ठेवला.

“मले नाई येत, सायेब.”

“लिहा हो बाई, लाजता काय!” गुरुजींचा आवाज चढला.

“येतच नाई तं लिवू काय?”

साहेबांनी वही पुढे ओढली. “तो फिर ये साइन किसका है?”

“काय मालूम, सायेब. मी तं अंगठा लावतो. जलमापासून.”

साहेबांनी मग एकेक बाई आत बोलावली. एकीलाही अक्षर येत नव्हतं. गुरुजींचा चेहरा आधी लाल आणि मग पांढरा झाला, आणि मला इतका आनंद झाला की तो आजही सांगताना लाज वाटत नाही. साहेबांनी त्याच वहीत लाल शाईने दुसरा शेरा लिहिला आणि त्याखाली सगळ्या बायांचे अंगठे घेतले. पहिला आईचा. तिने अंगठा नीट पॅडवर फिरवला आणि कागदावर दाबला.

घरी जाताना काकू साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “घ्या, आमची मास्तरीन तं अंगठेबहाद्दर निंगाली!” चार वर्षं चिडवणाऱ्या बाईला आता दुप्पट दारूगोळा मिळाला होता. संध्याकाळी भिंतीसमोर आम्हाला बसवून तिने अपूर्णांक घेतले.

वनमाला सातवी पहिल्या श्रेणीत पास झाली, आदिलाबादच्या वसतिगृहात राहिली, पुढे नर्स झाली. तिच्या दाखल्यावर शाळेचं नाव आहे आणि नावाखाली गुरुजींची सही. आमच्या सगळ्यांच्याच आहे. लाल शेरा कुठल्या फायलीत गेला कोण जाणे, पण पहिला शेरा बरोबर वर पोचला आणि दोन वर्षांनी गुरुजींना जिल्ह्याचा आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली. आईने मात्र त्यानंतर चारचौघांत कधीच सही केली नाही. रेशनकार्ड, मतदान, आमचे फॉर्म, सगळीकडे अंगठा. आजोबांना कार्डं लिहायची ती दार लावून.

मी जैनथच्या मंडल कार्यालयात कारकून झाले. दोन हजार नऊ साली बाबा वारले आणि जमीन आईच्या नावावर करायचा विरासतीचा कागद माझ्याच टेबलावर आला. तीन पानं तेलुगू. आई समोरच्या बाकावर बसली होती.

“माय, आता तरी सही कर,” मी हळूच म्हटलं. “गुरुजी मरून सहा सालं झाले. कोन पाहून राह्यलं?”

“त्याच्या वहीत अंगठा हाये माहा,” ती म्हणाली. “आज सही केली तं तो खरा अन् मी खोटी.”

“अन् लोकं तुले अडानी म्हनतात, ते?”

“म्हनू दे.”

तिने पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, कागद ओढून घेतला आणि बोट फिरवत तिन्ही पानं वाचून काढली. ओठ हलत होते. शेजारच्या टेबलावरचा कारकून बघतच राहिला. वाचून झाल्यावर तिने अंगठा माझ्यापुढे केला. मी तो पॅडवर फिरवला आणि जागेवर दाबला. त्याखाली नियमाप्रमाणे माझ्या हाताने लिहिलं, अंगठा जयवंताबाई महिपतराव यांचा, निरक्षर.

तिने पुढे वाकून ते वाचलं. “बराबर हाये,” म्हणाली, आणि अंगठा पदराला पुसत बस गाठायला निघाली.