बिंबाच्या मधोमध

कोडाईच्या डोंगरावरच्या वेधशाळेत धुकं चढायच्या आत सूर्य कागदावर उतरवून घ्यायचा, हे अरुळप्पनांचं आयुष्यभराचं काम. दुर्बिणीतून कागदावर पडलेल्या ताटाएवढ्या बिंबावरचे डाग पेन्सिलीने गिरवायचे. निवृत्ती तोंडावर आली आणि नेमका आताच त्यांना बिंबाच्या मधोमध एक फिकट डाग दिसू लागला. कॅमेऱ्याला तो दिसत नव्हता.

"कॅमेरा कालचं पोर," ते म्हणायचे. "जाता जाता सूर्याने मला आहेर केलाय."

त्यांची मुलगी कयल त्याच वेधशाळेत नुकतीच लागली होती. बाळाला आईपाशी टाकून धावतपळत यायची. अप्पांची चित्रं तपासून पुढे पाठवायची ती तिनेच, आणि या डागापाशी तिचा हात अडत होता. सूर्य फिरतो तसे बाकीचे डाग रोज थोडे कडेला सरकत. हा जागचा हलत नव्हता. तिने तसं म्हणताच अप्पांनी कागद हलवून दाखवला. कागदावरची धूळ असती तर कागदाबरोबर सरकली असती. डाग बिंबावरच राहिला, असं ते म्हणाले. आहे का आता काही शंका, असंही वर ऐकवलं.

कयल कागदाकडे बघतच नव्हती. कागद हलला तरी अप्पांची नजर बिंबाच्या मध्यावरून ढळली नव्हती. हल्ली नातवाकडेही ते मान वाकडी करून बघत. घरात सगळे त्यावर हसत, तीसुद्धा.

तिने दुर्बिणीवर झाकण घातलं. बिंब गेलं, नुसता पांढरा कागद उरला.

"अप्पा, आता बघा."

ते बराच वेळ बघत राहिले.

"आहे," ते हळूच म्हणाले.

कयलने मागची चित्रं जवळ ओढली आणि खोडरबर उचललं. अप्पांनी तिचा हात धरला.

"खोडायचं नाही गं, कण्णू. दिसलं ते दिसलं. शेजारी लिही, पाहणाऱ्याच्या डोळ्यातला डाग. सगळ्या चित्रांवर लिही. उद्या कुणीतरी यावर विसंबून राहील."

तिने लिहिलं. अप्पांनी कागद नाकाशी नेला, मान तिरकी केली, मग परत तिच्यापुढे ठेवला. तिने वाचून दाखवलं.

"त्यात माझं नाव घाल," ते म्हणाले. "उद्यापासून इथे तू बसशील. या डागाचा ठपका तुझ्यावर यायला नको."