सोड्यांचा म

मनस्वीने स्लाइमला हात लावला नाही, यात तिचं काय चुकलं? तिची टीचर असून मलाच ते बघून मळमळायचं. हिरवा, चिकट, शेंबडासारखा गोळा. वर्गातल्या प्रत्येक पोराने चिवडलेला. कुणी त्यात नाक पुसलेलं, कुणी तो चाटलेला. त्यात बोट घालून अक्षर काढायचं. घणसोलीतल्या आमच्या प्लेस्कूलमध्ये याला ‘खेळातून अक्षरओळख’ म्हणतात. आमच्या मुख्याध्यापिका राजलक्ष्मी मॅडम कुठल्याशा ट्रेनिंगहून हे खूळ घेऊन आल्या. स्लाइम नसेल त्या दिवशी निळ्या रंगात उकडलेल्या नूडल्स. शी!

मनस्वी दोन्ही हात फ्रॉकखाली लपवायची. मॅडमनी ठरवून टाकलं, या पोरीला अक्षर येत नाही. शुक्रवारी पालकांसमोर स्वतःच्या हाताने एक तरी अक्षर केलं नाही, तर तिला पुन्हा लहान गटात बसवायचं. म्हणजे सोबतची सगळी पुढे जाणार आणि ही डायपरवाल्यांत.

घरी सांगायला मी तळवलीला गेले. दारातच तिची आजी सखूबाई सुपात सोडे निवडत बसली होती. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. मी साताऱ्याकडची, शाकाहारी घरातली; त्या वासाने माझं डोकं उठतं. ओढणी नाकाला लावूनच मी निरोप सांगितला.

“माजे नातीला अक्षर येत नाय?” सखूबाई खवळल्या. “कोन बोलला? बग, ती काय करते ती!”

मनस्वी लादीवर पालथी पडून वाकडे सोडे एकमेकांना जोडत होती. झाडूची एक काडी उभी ठेवली, एक वर आडवी. झाला म! गाठ, रेघ, सगळं जागच्या जागी. बघता बघता माझी ओढणी नाकावरून कधी सरकली ते कळलंच नाही.

“आजी, शुक्रवारी हे डब्यात द्या,” मी म्हटलं. शाळेत मासे-मटण आणायचं नाही, हा नियम मला ठाऊक होता. पण शेंबूड चालतो, मग सोड्यांनी काय घोडं मारलंय?

शुक्रवारी पालक खुर्च्यांवर बसले. मनस्वीचे बाबा रूपेश पुढे येऊन मोबाइलवर शूटिंग करत होते. मनस्वीने डबा उघडला, जीभ दातांत धरून एकेक सोडा लावला, काड्या ठेवल्या आणि बाबांकडे बघून हसली. तेवढ्यात मॅडम टेबलापाशी आल्या.

“शी! काय घाण आणलीये ही? उचला, उचला आधी!”

एका आईने रुमाल नाकाला लावला, तिचं बघून दुसरीने. सफाईच्या मावशींनी सुपलीत सगळं लोटून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि मॅडमनी वरून मोगऱ्याचा स्प्रे मारला. रूपेशनी खाली मान घालून मोबाइल खिशात टाकला.

“मॅडम, तिने म काढला होता,” मी म्हटलं.

“कुठाय?” मॅडम म्हणाल्या. टेबल चकाचक होतं.

वास मलाही येत होता, खोटं कशाला बोलू? पण त्या सगळ्यांच्या मुरडलेल्या नाकांची मला जी किळस आली, ती आजवर कुठल्याच मासळीची आली नव्हती. मी कचऱ्याच्या डब्यात हात घातला. जन्मात पहिल्यांदा सोडे हातात धरले, झटकले आणि काड्यांसकट टेबलावर ठेवले.

“मनू, कर परत. मी आहे इथे.”

तिने सोड्यांकडे बघितलं. मग स्वतःची बोटं नाकाशी नेऊन हुंगली. फ्रॉकला पुसली, पुन्हा हुंगली. दोन्ही हात पाठीमागे गेले.

“नको टीचर,” ती म्हणाली. “माज्या हातांना घान वास येते.”