कापसाचा तंतू

आम्ल एकच, पण पाण्यातून त्याचे स्फटिक वाढवले की चपटे पापुद्रे व्हायचे. सॅनिटायझरसारख्या वासाच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून वाढवले, की सुयाच सुया. वर्षालीनं वर्ध्याच्या कॉलेजात हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा प्रयोगशाळेतले जुने शिपाई नत्थूजी वाकून म्हणाले, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाई पण गुण लागला. इथं तं रूपच बदललं, पोरी."

सुयांनी गाळणकागद तुंबायचा, पापुद्रे मोडायचे. तिला हवा होता खडीसाखरेसारखा टपोरा खडा. अडीच महिने ती जामहून सकाळच्या एसटीनं येत राहिली, पाण्याचं आणि आयसोप्रोपिलचं प्रमाण थेंबाथेंबानं बदलत राहिली. चंबूच्या तोंडाला बोळा मात्र घरच्या कापसाचा, आईनं हातानं सरकी काढलेला. एका बुधवारी चंबूच्या तळाशी नखाएवढा खडा चमकला. पोटात कापसाचा एक तंतू घेऊनच वाढला होता तो.

ते प्रमाण तिनं एकीलाच सांगितलं. नालवाडीच्या रुचिकाला. तीन वर्षं दोघी एका डब्यात जेवल्या होत्या. विज्ञान मेळाव्याचं पोस्टर रुचिकाच्या लॅपटॉपवर व्हायचं होतं, आणि पोस्टरवर ज्याचं नाव, तो पुढच्या फेरीसाठी नागपूरला जाणार होता.

"तुझं नाव आधी, माझं मागून," रुचिका म्हणाली होती.

मेळाव्याच्या दिवशी पोस्टरवर मोठ्या अक्षरात एकच नाव होतं, रुचिकाचं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'साहाय्य: वर्षाली'.

"हे काय वं?"

"अगं, नियमच निघाला एका नावाचा. आणि तूच म्हणतेस ना, चार माणसांत माझी जीभ अडते म्हणून."

हेही तिनं रुचिकालाच सांगितलं होतं. सरकी काढता काढता आई गुणगुणायची, ते वर्षालीला आठवलं:

गूज सांगते मातीले, माती ठेवते पोटात
मैतरणीले सांगू जाता, वाजते साऱ्या गावात

परीक्षक भिंग घेऊन खड्यावर वाकले. "आत हा धागा कसला?"

"कचरा असेल, सर," रुचिका म्हणाली.

"कचरा नाई, सर. कापूस आहे. आमच्या घरचा."

"तुम्ही कोण?"

वर्षालीची जीभ अडलीच. रुचिकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ही वर्षाली. सगळे चंबू हिनंच धुतले, सर. फार मदत झाली."

"छान," म्हणत परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले.

निकाल लागला, रुचिकाच्या नावाला टाळ्या झाल्या. वर्षाली खडा उचलून प्रयोगशाळेत आली. नत्थूजींनी चहासाठी तापवलेलं पाणी तिनं पेल्यात घेतलं आणि खडा आत सोडला. आधी कडा गेल्या, मग पोट गेलं. तंतू तेवढा वर आला. तिनं तो बोटावर घेतला.

रुचिका धावत आली. "खडा कुठंय? नागपूरला न्यायचाय."

वर्षालीनं पेला दाखवला.

"विरघळवलास? आता मी काय करू?"

"प्रमाण हाये ना तुह्यापाशी," वर्षाली म्हणाली. आता जीभ अडली नाही. "करून पाह्यजो. बोळा तेवढा तुह्या घरचा लावजो."