न मागितलेली माफी

रविवारी सकाळी ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोजवळ प्रीतीच्या स्कूटरने शांतवन रणपिसेंना उडवलं.

प्रीतीला उशीर झालेला. नौपाड्यातल्या हॉलमध्ये तिच्या 'स्वतःला घडवा' शिबिराला माणसं येऊन बसली होती, आणि ती एका हाताने स्कूटर चालवत दुसऱ्या हातातल्या फोनवर 'आलेच, पोचतेय' असं सांगत होती. तेवढ्यात बायकोबरोबर चर्चहून परतणारे शांतवन रस्ता ओलांडायला लागले. ब्रेक लागला, पण उशिरा.

माणसं धावली. कुणी तिच्यावर ओरडलं, कुणी चावी काढून घेतली. शांतवनच्या बायकोने, सालोमीबाईंनी, रस्त्यातच बसून नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्या वर बघून म्हणाल्या, "तिला ओरडू नका. आधी रिक्षा थांबवा."

मांडीचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात हवालदाराने विचारल्यावर प्रीतीच्या तोंडून निघून गेलं, "काका एकदम आडवे आले." सालोमीबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या हवालदाराला म्हणाल्या, "आमची तक्रार नाही, साहेब."

त्या दिवसापासून प्रीतीला चैन पडेना. 'परिस्थिती ही सबब असते, तुमच्या आयुष्याला जबाबदार फक्त तुम्ही,' हे वाक्य ती दर रविवारी माईकवर म्हणायची. आता ते म्हणताना जीभ अडखळायची. घरी जेवताजेवता उठायची, उगाच गॅलरीत जायची, परत यायची. आई विचारायची, "अगं, काय झालंय तुला?" ती म्हणायची, काही नाही.

मग ती रणपिसेंकडे जायला लागली. फळं, औषधं, विजेचं बिल, सगळं स्वतःवर घेतलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वॉकर दिला, तेव्हा तिने चालण्याचं वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलं. "मनात आणलं की होतं, काका. कालच्यापेक्षा आज थोडं जास्त." शांतवन हसून प्रयत्न करायचे. पाय साथ देत नसे. पुढे पुढे ती दार वाजवायची तेव्हा ते डोळे मिटून पडून राहायला लागले.

एके संध्याकाळी ती आली तर भिंतीवर कागद नव्हता.

"काढला मी," सालोमीबाई म्हणाल्या. "तुझी चाहूल लागली की त्यांना परीक्षेला बसल्यासारखं होतं. लाजतात ते तुला."

"पण काकू, ते बरे व्हायला हवेत ना!"

"होतील. नाहीतर नाही होणार. तू मात्र एवढी का धावतेस, बाळा? बस जरा."

प्रीती बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "काका आडवे नव्हते आले. माझ्या हातात फोन होता."

"दिसला होता मला."

"तुम्हाला माहीत होतं? मग हवालदारासमोर गप्प का बसलात?"

"तुला तेव्हाच माफ केलं होतं. रस्त्यातच."

"मी माफी मागितलीच नव्हती! उलट खोटं बोलले. असं कसं माफ करता तुम्ही?" तिचा आवाज चढला. आपण कुणावर चिडलोय, हे तिलाच कळेना. "आमच्या बाबांनी आम्हाला शिकवलंय, कुणाचं फुकट घ्यायचं नाही. फुकट देणाऱ्यांनी आमच्या माणसांना पायरीखालीच उभं केलंय. जे घ्यायचं ते कष्टाने, मान वर करून."

"बरोबर शिकवलं," सालोमीबाई शांतपणे म्हणाल्या. "पोट, शिक्षण, मान, सगळं तसंच मिळवायचं. पण मी कुठल्या पायरीवर उभी आहे गं? मलाही माफी अशीच मिळालीय. लायकी नसताना, काही न करता. येशूने ती दिली, मी घेतली. त्यातलीच तुला देतेय. माझ्या पदरचं काय आहे त्यात?"

प्रीतीने दाराची चौकट सोडली. ती तशीच बाहेर पडली आणि टेंभी नाक्यापर्यंत भराभर चालत गेली. ते दोघं ओरडले असते, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं. शिक्षा भोगून मोकळं होता येतं. याचं करायचं काय?

पुढच्या रविवारी स्वप्ना नावाच्या एका बाईने शिबिरात विचारलं, "मॅडम, माझ्या हातून असं काही झालंय जे भरून येणारच नाही. त्याचं काय करायचं?" प्रीतीकडे अशा प्रश्नाला तयार उत्तर होतं. ती ते बोलायला लागली आणि मधेच थांबली. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी एका माणसाचा पाय मोडलाय. पोलिसांना खोटं सांगितलं. मला खरंच माहीत नाही." हॉलमध्ये कुजबुज झाली. मागच्या रांगेतले दोघं उठून गेले. स्वप्ना मात्र रडत जागेवरच बसून राहिली.

तिथून प्रीती चौकीत गेली. हवालदाराने तिचा जबाब पुन्हा लिहून घेतला, आणि पुढे काय होईल ते कळवू म्हणाला. मग ती रणपिसेंकडे आली. शांतवन पलंगावर उशीला टेकून बसले होते. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"ये गं. तुझ्या बाबांचं नाव काय? परवा तू त्यांच्याबद्दल बोललीस, ही सांगत होती."

"भगवान."

"काय करायचे?"

प्रीती पलंगाच्या कडेला टेकली. बाबा कल्याणला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, असं तिने सुरुवात केली. शांतवननी आणखी विचारलं, ती आणखी सांगत गेली. सालोमीबाईंनी आतून विचारलं, "जेवशील ना?" आणि उत्तराची वाट न बघता भाताला पाणी ठेवलं.