मीरासाबचा आवाज

"आता बोला. पण ओरडायचं नाही हं," डॉक्टर दुर्बिणीवरून डोळे न काढता म्हणाले.

हिरवा गाऊन घातलेला मीरासाब ऑपरेशनच्या टेबलाशी उभा होता. टेबलावर त्याची बायको जुलेखा, मान वळवून पडलेली, पण जागी. कान तेवढा बधिर केलेला. आतलं घट्ट बसलेलं कणीएवढं हाड काढून डॉक्टरांनी तिथं बारीक तार बसवली होती. ऐकू येतं का, हे टेबलावरच बघायची त्यांची पद्धत. त्यासाठी घरचं माणूस आत बोलवायचे.

मीरासाबची पंचाईत झाली. हळू बोलायचं कसं, हेच तो विसरला होता. राजारामपुरीत त्यांची पिठाची गिरणी. तिच्या दुखण्याची गंमत अशी, की गिरणीच्या धडधडाटात जुलेखाला सगळं ऐकू यायचं. पट्टा थांबला की ती बहिरी. गिऱ्हाइकांना कधी पत्ता लागला नाही. घरी मात्र चहा मागायचा तरी मीरासाब गल्ली गोळा होईल असा ओरडायचा.

लग्न झालं तेव्हा तिचे कान शाबूत होते आणि त्याचा आवाज चाळलेल्या पिठासारखा मऊ होता. गिरणी बंद करून दोघं पायरीवर बसत आणि तो तिला म्हशीवर बसून बिद्रीचा ओढा ओलांडल्याची गोष्ट सांगे. काय दिवस होते ते! तो आवाज पुन्हा ऐकायचा, एवढ्यासाठीच जुलेखा या टेबलावर चढली होती.

"जुलेखा, ऐकाय येतंय का गं?"

"येतंय की!" ती हरखली. "पर हे कोण बोलतंय? आमच्या ह्यांस्नी बोलवा की आत."

इतकी वर्षं ओरडून आवाज पार चिरका झाला होता. मीरासाबला ते आज कळलं.

"मीच हाय," तो म्हणाला.

जुलेखाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय का? मान हलवू नका," डॉक्टर म्हणाले.

"न्हाय वो. दुखत न्हाय."

घरी आल्यावर मीरासाब गप्पच झाला. हवं-नको हातानं खुणावू लागला. एका संध्याकाळी गिरणी बंद झाली तशी जुलेखा पायरीवर त्याच्याशेजारी येऊन बसली.

"बोलत का न्हाईसा?"

"असल्या फाटक्या आवाजात काय बोलू?"

"माझ्यापायीच फाटलाय न्हवं? म्हशीचं सांगा."

मीरासाबनं खाकरून सुरुवात केली. गोष्ट तिला पाठ होती. मध्येच आवाज फुटला की तो ओशाळून थांबे, आणि कान त्याच्याकडे करून ती विचारी, "मग?"